दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधल्या वेळा ताळ्यावर कशा आणायच्या

जळगाव-धुळ्याकडच्या लहान-मध्यम दवाखान्यांत सॉफ्टवेअर बसवून देणं, चालवून देणं आणि रात्री-बेरात्री फोन घेणं हे आपलं काम. तिथं सगळ्यात जास्त वाद होतात बिलावरून, आणि त्याच्या खालोखाल वेळेवरून. इंजेक्शन दिलं दहाला आणि स्क्रीनवर दिसतं पावणेबारा, सॅम्पल घेतलं नऊला आणि रिपोर्टवर छापून येतं साडेदहा, पेशंट ॲडमिट व्हायच्या आधीच त्याच्या नावावर ऑर्डर पडलेली. मग डॉक्टर म्हणतात सॉफ्टवेअर बोगस आहे, सॉफ्टवेअरवाला म्हणतो सिस्टर एन्ट्री उशिरा करतात, सिस्टर म्हणतात आम्ही पेशंट बघायचा का कॉम्प्युटर. तिघांचंही खरं असतं, म्हणून तर ते सुटत नाही.

मुद्दा असा की एका नोंदीला वेळ एक नसते, निदान दोन असतात. एक, ती गोष्ट प्रत्यक्ष घडली कधी, आणि दुसरी, ती कॉम्प्युटरमध्ये टाकली कधी. पहिली माणसानं सांगायची, दुसरी मशीननं स्वतःहून लावायची, आणि या दोघींनी एकमेकींच्या जागेवर बसायचं नाही. एवढं एक पाळलं तर निम्मा गोंधळ तिथंच संपतो. बाकीचा निम्मा घड्याळांचा आहे, आणि तो सोपा असल्यामुळे सुरुवात तिथून करू.

आधी घरातलं खरं घड्याळ ठरवा

दवाखान्यात फिरून घड्याळं मोजा एकदा. भिंतीवरची, रिसेप्शनचा पीसी, वॉर्डचा पीसी, आयसीयूचे मॉनिटर, ईसीजी मशीन, सोनोग्राफी, एक्स-रे, लॅबचं ॲनालायझर (रक्त तपासायचं मशीन), ग्लुकोमीटर, डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं मशीन), सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन. यातली दोन सुद्धा एकसारखी निघाली तर नशीब समजा. यातलं कोणाचं खरं मानायचं हे मालक डॉक्टरांनी एकदाच ठरवून सांगायचं, आणि उत्तर एकच आहे : सर्व्हरचं, आणि सर्व्हरनं ती वेळ सरकारी टाइम सर्व्हरवरून घ्यायची.

आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ राखायचं काम दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीकडे, म्हणजे एनपीएलकडे आहे. एनपीएल आणि एनआयसी (सरकारी कॉम्प्युटरचं काम बघणारं नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) दोघांचेही एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणारे, टाइम सर्व्हर आहेत, एनआयसीच्या सर्व्हरचं नावच ‘समय’ आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांना सांगितलंय की कॉम्प्युटरची घड्याळं या दोघांपैकी एकाला किंवा त्यांना जुळलेल्या सर्व्हरला लावा, आणि लॉग (सिस्टीममध्ये कधी काय झालं याच्या आपोआप पडणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवा. त्यामुळे व्हेंडर ‘त्याची काय गरज आहे साहेब’ म्हणाला तर हे त्याला दाखवायचं.

करायचं काय तर सगळे पीसी थेट इंटरनेटवर वेळ विचारत बसण्यापेक्षा सर्व्हरनं बाहेरून वेळ घ्यावी आणि बाकीच्यांनी सर्व्हरकडून घ्यावी. नेट गेलं तरी निदान घरातली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळलेली राहतात, आणि आपल्याकडे नेट जाणं काय नवीन नाही. सर्व्हर लिनक्स असेल तर क्रोनी नावाचा प्रोग्राम हे काम मस्त करतो, विंडोज असेल तर विंडोज टाइम सर्व्हिस आहेच. राउटरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे वेळ आत यायची वाट, बंद असेल तर काहीच जुळणार नाही, आणि बऱ्याच ठिकाणी अडलेलं गाडं तिथंच असतं.

टाइमझोन सगळीकडे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक साडेपाच तास. विंडोजच्या यादीत तो ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ या नावाखाली आहे, लिनक्समध्ये ‘एशिया कोलकाता’. ‘डेलाइट सेव्हिंग’ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) असं काही दिसलं तर बंद, आपल्याकडे तो प्रकार नाही.

आणि साध्या लॉगिनवरून कॉम्प्युटरची तारीख-वेळ बदलायची परवानगी काढून घ्या. हे ऐकायला कडक वाटतं, पण जुन्या तारखेचं बिल काढायचं म्हणून रिसेप्शनवरून पीसीची तारीख मागे नेणं हा प्रकार सर्रास चालतो, आणि मग ती तारीख पुढे आणायचं विसरून दुपारपर्यंतच्या सगळ्या नोंदी मागच्या मंगळवारात जाऊन पडतात.

सर्व्हरची वेळ लागते का पीसीची, हे स्वतः तपासा

व्हेंडरला विचारलं तर तो ‘सर्व्हरचीच लागते’ म्हणेल. विश्वास ठेवू नका, दहा मिनिटांची टेस्ट आहे. ओपीडी संपल्यावर एक पीसी घ्या, त्याची वेळ तासभर मागे करा, ‘टेस्ट पेशंट’ नावानं एक व्हायटलची (बीपी, नाडी असं काही) आणि एक औषधाची नोंद टाका आणि दुसऱ्या पीसीवरून बघा. नोंद केल्याची वेळ बरोबर दिसली तर सर्व्हर लावतोय. तासभर मागची दिसली तर सॉफ्टवेअर ज्या-त्या मशीनच्या घड्याळावर चाललंय, आणि मग राउंडला डॉक्टरांच्या मोबाइलवरून पडणारी नोंदही तशीच बेभरवशाची. हे व्हेंडरकडून दुरुस्त करूनच घ्यायचं, यात तडजोड नाही. टेस्ट झाली की पीसीची वेळ परत जुळवा आणि टेस्ट पेशंट बंद करा.

मशीनची घड्याळं

मॉनिटर, ईसीजी, ॲनालायझर यांतली बरीचशी मशीनं नेटवर्कवर नसतात, त्यांची वेळ हातानंच लावावी लागते आणि ती हळूहळू सरकते. बाहेरून आलेल्या काही मशीनमध्ये तर टाइमझोन भलत्याच देशाचा बसवलेला येतो आणि इन्स्टॉल करणारा माणूस नुसते तास-मिनिटं बदलून निघून जातो.

आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी सकाळी, एकाच माणसानं वही घेऊन फिरायचं. मोबाइलची वेळ ऑटोमॅटिकवर आहे ना हे बघून घ्यायचं, मशीनसमोर उभं राहायचं आणि चार गोष्टी लिहायच्या : मशीनचं नाव, मशीनवर दिसलेली वेळ, मोबाइलवरची वेळ, फरक. एका मिनिटाच्या वर फरक असेल तरच दुरुस्त करायचं, पण फरक लिहून झाल्यावर. लोक आधी वेळ जुळवून मोकळे होतात, आणि मग गेल्या शुक्रवारच्या ईसीजीवर छापलेले ९:४२ म्हणजे खरे किती हे सांगायला काहीच पुरावा उरत नाही. वहीत ‘ईसीजी मशीन ७ मिनिटं पुढे’ असं असेल तर हिशेब लागतो. छातीत दुखणाऱ्या पेशंटचा ईसीजी तो दारात आल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे असा दंडक आहे, तिथं मशीन ७ मिनिटं पुढे असेल तर वेळेत काढलेला ईसीजी कागदावर उशिराचा दिसतो. काम चोख आणि कागद तुमच्या विरोधात.

एखादा पीसी सकाळी चालू केल्यावर थेट पंधरा वर्षं मागची तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर-२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. लाइट सारखी जाते त्या गावांत हे लवकर उघडं पडतं, कारण पीसी सारखा पूर्ण बंद होतो. तारीख फार मागे गेली की ब्राउझर वेबसाइटसुद्धा उघडू देत नाही, आणि मग सगळे ‘नेट बंद आहे’ म्हणत केबलवाल्याला फोन लावत बसतात.

आता खरं काम : घडल्याची वेळ

फॉर्ममध्ये वेळेचा रकाना उघडला की सॉफ्टवेअर त्यात आपोआप आत्ताची वेळ भरून ठेवतं. सोय म्हणून केलेलं असतं, पण सगळ्यात जास्त नुकसान हीच सोय करते. सिस्टर दहाला इंजेक्शन देतात, पावणेबाराला टेबलाशी बसायला मिळतं, भराभर एंटर मारत जातात आणि सहा पेशंटची औषधं पावणेबाराला दिल्याची नोंद होते. पुढच्या शिफ्टची सिस्टर तेच बघून पुढचा डोस मोजणार. म्हणून घडल्याच्या वेळेचा रकाना रिकामा यायला पाहिजे, आणि बाजूला बटणं द्यायला सांगा : आत्ता, १५ मिनिटांपूर्वी, अर्ध्या तासापूर्वी, दुसरी वेळ. एक क्लिक वाढतं खरं, पण ते एक क्लिक विचार करायला लावतं.

वेळ अंदाजानं सांगितली असेल तर तिथं ‘अंदाजे’ची खूण पाहिजे. आणि माहीतच नसेल तर रकाना रिकामा सोडायची मुभा पाहिजे, नाहीतर सॉफ्टवेअर अडवतं म्हणून लोक ००:०० टाकतात आणि निम्मं गाव मध्यरात्री आजारी पडल्यासारखं दिसतं.

आपल्या भागातलं ओळखीचं उदाहरण घ्या, सर्पदंशाचं. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीनं येते, पाळी रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन केळीला नाहीतर गव्हाला पाणी भरायला जातो आणि तिथंच प्रकार होतो. कॅज्युअल्टीत विचारलं, कधी चावला? उत्तर येतं, “वावरमा, दिन बुडाना टाइमले.” दिवस बुडायची वेळ खान्देशात डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, म्हणजे ‘संध्याकाळी’ एवढं लिहून भागत नाही. तिथं प्रश्न बदलायचा. चावल्यावर पहिला फोन कोणाला केला? मोबाइल काढायला लावायचा, कॉल लॉगमध्ये मिनिटासकट वेळ असते. १०८ ला फोन केला असेल तर तोही तिथंच दिसतो. लाइट आली होती का तेव्हा, का यायची होती? शेवटची एसटी गेली होती का? घाबरलेल्या माणसाला घड्याळ आठवत नाही पण या गोष्टी आठवतात.

समजा कॉल लॉगवरून दंश ७:१० चा ठरला. आरोग्य केंद्रात ८:०५ ला पोचला, सापाच्या विषावरचं औषध ८:२० ला सुरू झालं, ९:१५ ला संपलं, तिथून रेफर होऊन तुमच्या दारात आला १०:१५ ला. डॉक्टरांनी लगेच बघितलं, १०:२० ला तोंडी ऑर्डर दिली, १०:२५ ला काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं, १०:४५ ला गुठळी झाली का बघितलं (विषानं रक्त गोठणं बिघडलंय का ते यावरून कळतं). इकडे नातेवाईक आधारकार्ड शोधत होते म्हणून रिसेप्शनला ॲडमिशन पडलं १०:३२ ला. आता सॉफ्टवेअरला फक्त १०:३२ माहीत असेल तर ऑर्डर आणि टेस्टचं रक्त दोन्ही ॲडमिशनच्या आधीचं दिसणार, आणि त्याहून वाईट म्हणजे डोसनंतर ६ तासांनी जी गुठळीची टेस्ट परत करायची ती कुणीतरी १०:३२ पासून मोजणार. आधीच्या ठिकाणचा डोस कधी सुरू झाला आणि कधी संपला या दोन्ही वेळा रेफरच्या चिठ्ठीवरून आणून वेगळ्या रकान्यात टाकल्या पाहिजेत, कुठून मोजायचं ते डॉक्टर ठरवतील. चिठ्ठीवर वेळ नसेल तर तिथं फोन करून विचारायची, पेशंट पोचला त्याच वेळी, दुसऱ्या दिवशी नाही.

म्हणजे एका येण्याच्याच तीन वेळा झाल्या : दारात आला, डॉक्टरांनी बघितला, ॲडमिशनची नोंद पडली. लकव्याच्या पेशंटला तर चौथी लागते, ‘शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता’. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात. झोपेतून उठताना हात उचलला गेला नाही असं असेल तर उठल्याची वेळ उपयोगाची नाही, रात्री झोपताना बोलला-चालला ती वेळ लिहायची.

रात्री बारा आणि ‘शनिवारी रात्री’

आपण बोलताना रात्री दोनला घडलेलं सुद्धा ‘शनिवारी रात्री’ म्हणतो, कॅलेंडरवर तो रविवार असतो. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे घरच्यांचं काही चुकत नाही, पण नोंद करणाऱ्यानं उलटून विचारायचं : झोपायच्या आधी का झोपल्यानंतर? नाइट ड्युटीवाले तर हमखास बारानंतर कालचीच तारीख चालवतात, म्हणून हातानं तारीख टाकायला लावणारा फॉर्म नाइटला देऊच नका.

वेळ २४ तासांच्या पद्धतीनंच. आणि ऑपरेशनच्या आधी ‘१५ तारखेला रात्री १२ नंतर काही खायचं नाही’ असं लिहू नका, त्याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही अर्थ काढणारे भेटतात. १४ तारखेचे २३:५९ लिहा.

बाळाच्या जन्माची वेळ हा वेगळाच विषय आहे. पत्रिकेसाठी आजी दारातच विचारते आणि मामाच्या मोबाइलवर एक वेळ, लेबर रूमच्या भिंतीवर दुसरी, फॉर्मवर तिसरी. बाळ पूर्ण बाहेर आलं ती वेळ, नाळ कापली ती नाही, सिझरमध्ये चिरा दिला ती नाही. कोणीतरी एकानं मोठ्यानं वेळ सांगायची आणि दुसऱ्यानं लिहायची, १ आणि ५ मिनिटांचा ॲपगार (बाळाची तब्येत बघून देतात तो स्कोअर) त्याच क्षणापासून. जुळं असेल तर दोन वेगळ्या वेळा, आणि मध्ये बारा वाजले तर वाढदिवससुद्धा वेगळे. मुहूर्त काढून सिझर ठरवतात त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण मुहूर्त हुकला म्हणून पाच मिनिटं मागेपुढे लिहा असा आग्रह आला तर नाही म्हणायचं, कारण जन्माच्या नोंदीला, भूलतज्ज्ञाच्या चार्टला आणि ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरला तीच वेळ जुळावी लागते.

लॅब

सॅम्पल घेतल्याची, लॅबला पोचल्याची आणि रिपोर्ट निघाल्याची अशा तीन वेळा, आणि घेतल्याची वेळ बेडजवळच ट्यूबवर पडली पाहिजे. यावलला किंवा पारोळ्याला सकाळी आठला घेतलेलं रक्त दुपारी जळगावला पोचतं, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि न वेगळ्या केलेल्या रक्तातली साखर साध्या तापमानालाच दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी कमी होते, उन्हात आणखी जास्त. करड्या टोपीची (साखर टिकवायचं औषध घातलेली) ट्यूब असली तरी पहिला तास-दोन तास घसरण चालू राहते. रिपोर्टवर लॅबला पोचल्याचीच वेळ ‘सॅम्पल टाइम’ म्हणून छापली तर डॉक्टरला हे कळणार कसं?

लाइट गेली, सर्व्हर बसला

प्रत्येक वॉर्डात छापील कोरे फॉर्म ठेवा, त्यावर घडल्याची वेळ, काय केलं, सही. सिस्टीम आली की घडल्याची वेळ कागदावरून टाकायची, नोंदीची वेळ जी पडते ती पडू द्यायची, ‘उशिरा नोंद’ची खूण करायची आणि कागद स्कॅन करून जोडायचा. मागच्या वेळेत नोंद बसवायला पीसीची तारीख मागे नेणं पूर्ण बंद. उशिरा केलेली नोंद हा गुन्हा नाही, वेळेवर केल्यासारखी दाखवलेली उशिराची नोंद मात्र कोर्टात आणि इन्शुरन्सच्या क्लेममध्ये अंगाशी येते.

चुकलेली वेळ बदलायची असेल तर जुनी वेळ, नवी वेळ, कोणी बदलली, कधी आणि का, हे सगळं दिसत राहिलं पाहिजे. पेशंटनं रेकॉर्ड मागितल्यावर डॉक्टरनं ७२ तासांत द्यायचं असा मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतला नियम आहे, तेव्हा बसून वेळा जुळवू म्हटलं तर जमत नाही आणि जमवूही नये.

फरक बघून रोग ओळखा

हे पाठ करून ठेवण्यासारखं आहे. वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सॉफ्टवेअरचा टाइमझोनचा घोटाळा, आत यूटीसी साठवलं आणि दाखवताना बदललं नाही किंवा दोनदा बदललं. जन्मतारीख एक दिवसानं मागे दिसते? तोच रोग, कारण आपल्या रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे १८:३०. बारा तासांचा फरक म्हणजे एएम-पीएम. ४ मेची तारीख ५ एप्रिल झाली तर एक्सेलमधून आयात करताना दिवस-महिना उलटलाय. १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच असं दिसलं तर वेळ आलीच नव्हती, रिकाम्या जागी शून्य बसलाय. पाच-सात मिनिटांचा फरक आणि तो एकाच मशीनचा, तर मशीनचं घड्याळ सरकलंय. कधी दहा मिनिटं कधी दोन तास असा कसाही फरक येत असेल तर घड्याळं सोडा, नोंदी उशिरा होतायत आणि वॉर्डात माणसं कमी आहेत.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनला (पेशंटचे रेकॉर्ड ऑनलाइन जोडायची सरकारी योजना) जोडणार असाल तर तिथली देवाणघेवाण फायर (FHIR) नावाच्या फॉर्मॅटमध्ये होते आणि त्यात तारखेसोबत तास-मिनिटं दिली की टाइमझोन द्यावाच लागतो. ‘+०५:३०’ सारखा टाइमझोन नसलेली वेळ चालत नाही. म्हणून जोडणी करायच्या आधी वरचे घोटाळे काढा.

महिन्याला एकदा तीन यादी

व्हेंडरकडून तीन रिपोर्ट बनवून घ्या. पहिली यादी उलट्या क्रमाची : ॲडमिशनच्या आधीचा डिस्चार्ज, घेण्याआधी लॅबला पोचलेलं सॅम्पल, भविष्यातल्या वेळा. भविष्यातली वेळ सॉफ्टवेअरनं अडवावी, बाकीच्यांना फक्त सूचना द्यावी, कारण ॲडमिशनच्या आधीची ऑर्डर वरच्या सर्पदंशासारखी खरीही असते आणि सॉफ्टवेअर अडून बसलं की माणसं खोटी वेळ टाकून पुढे जातात. दुसरी यादी, घडल्याच्या आणि नोंदीच्या वेळेत समजा चार तासांच्या वर अंतर असलेल्या नोंदी, वॉर्ड आणि शिफ्टप्रमाणे. तिसरी मला सगळ्यात आवडते : किती नोंदी बरोबर ठोक्यावर पडल्यात. तासात मिनिटं साठ, तेव्हा औषध खरंच दिलं तेव्हा लिहिलं असेल तर ‘:००’ वर साठातली एखाद-दुसरी नोंद पडावी, ठरलेल्या वेळेची औषधं असतात म्हणून थोड्या जास्त. निम्म्या तिथंच असतील तर चार्ट शिफ्टच्या शेवटी बसून भरलाय. ही यादी घेऊन सिस्टरांना झापायला जाऊ नका, रात्री एका सिस्टरकडे किती बेड आहेत ते आधी मोजा आणि वॉर्डाच्या ट्रॉलीवर एक टॅब द्या.

एएमसीचं (वर्षाच्या देखभालीच्या कराराचं) नूतनीकरण करताना व्हेंडरकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर वेळ जुळल्याशिवाय सॉफ्टवेअर नोंदी घ्यायला सुरू होणार नाही, घडल्याची आणि नोंदीची वेळ दोन्ही वेगळ्या साठतील आणि प्रिंटवर दोन्ही दिसतील, आणि वेळ सर्व्हरपासून एका मिनिटाच्या वर सरकलेला पीसी स्क्रीनवर लाल पट्टी दाखवेल. तिसरीला ते जादा पैसे मागतील. द्या, पण पहिल्या दोन्हींना देऊ नका.